हार कुठे घालायचा?

अंधांसाठीच्या तंत्रज्ञानावर संशोधन करायचंय, निधी द्या, असं म्हटलं की दानशूर चेहरे जरा पडतात. त्यापेक्षा पांढरी काठी बरी. वाटता येते, वाटताना फोटो निघतो, मागच्या फलकावर नाव झळकतं. सॉफ्टवेअरच्या गळ्यात हार कसा घालायचा?

२००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीनरीडर लिहायला घेतला. मग त्याचा अंध मित्रही येऊन मिळाला. आज हा स्क्रीनरीडर जगभर फुकट मिळतो आणि बराचसा देणग्यांवर तगतो. आपल्याकडे तोच लावून कुणी अनुदानाची जाहिरात उघडावी, तर ती बहुधा सही-शिक्क्यासह स्कॅन केलेली पीडीएफ. म्हणजे नुसतं चित्र. स्क्रीनरीडर गप्प. मुदत मात्र पाळायचीच, आणि सोबत अंधत्वाचा दाखला जोडायचा. तोही, अर्थातच, स्कॅन करून.