वेदीपासून जरा लांब उभे राहा

पंधरा सेकंद. फार तर.

व्हॅटिकनने १८ डिसेंबर २०२३ रोजी 'फिदुचिया सुप्लिकान्स' नावाचं निवेदन काढलं. सही तिथल्या धर्मतत्त्व कार्यालयाचे प्रमुख कार्डिनल फर्नांडेझ यांची, मान्यता पोप फ्रान्सिस यांची. समलिंगी जोडपं आशीर्वाद मागायला आलं तर फादरनी तो द्यायला हरकत नाही, हा त्यातला मुद्दा. जगभर गलका झाला आणि अडीच आठवड्यांतच, ४ जानेवारीला, खुलासा आला. अहो, दहा-पंधरा सेकंदांची तर गोष्ट आहे, एवढं काय मनावर घेता, असा त्याचा एकूण सूर.

खरं तर मार्च २०२१ मध्ये याच कार्यालयाने असल्या आशीर्वादाला साफ नकार दिला होता. देव पापाला आशीर्वाद देत नाही, देऊ शकत नाही, असं कारण दिलं होतं. देवाची ही अडचण पावणेतीन वर्षांत दूर झाली. आमचा कल्याणचा पत्रीपूल २०१८ साली धोकादायक म्हणून बंद झाला तो नवा होऊन जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. चर्चचा कारभार संथ म्हणून नावं ठेवणाऱ्यांनी दोन्ही तारखा एकदा शेजारी मांडून बघाव्यात.

बरं, पंधरा सेकंद तर पंधरा सेकंद. पण त्यांना अटी किती? ठरलेला विधी नको. छापील प्रार्थना नको. ज्या दिवशी नोंदणी कचेरीत काही कागद केला असेल, तो दिवस नको. लग्नातले कपडे नकोत, लग्नातले हावभाव नकोत, लग्नातले शब्द तर नकोतच. चर्चमध्ये ठळक दिसेल अशी जागा नको, वेदीच्या समोर नको. आशीर्वाद जोडप्याला, त्यांच्या नात्याला नव्हे. खुलाशात फादरनी काय म्हणावं याचा नमुनाही दिलाय: यांना आरोग्य दे, काम दे, शांती दे, एकमेकांना मदत करायची बुद्धी दे. त्याच दमात, तुझ्या शुभवर्तमानाला विरोधी जे काही असेल त्यातून यांना सोडव. मग क्रुसाची खूण करायची. ती प्रत्येकावर वेगवेगळी. दोघं एकत्र आलेत म्हणून आशीर्वाद, आणि द्यायचा मात्र सुटासुटा.

हे वाचताना मला व्हॅटिकनची मुळीच आठवण झाली नाही. आठवला तो डोंबिवलीतला एजंट.

तुम्हीही पाहिलाय तो. रोलिंग शटरचा गाळा, काचेवर 'वन आरके, वन बीएचके, हेवी डिपॉझिट' असे स्टिकर, टेबलावर दोन मोबाइल आणि अर्धा कटिंग. समोर दोन मुलगे बसलेत, तिशीच्या आसपासचे, कानात एकसारखी बाळी. एजंट दोघांकडे एकदाच नीट बघतो. मग नजर फॉर्मवर नेतो ती परत वर आणत नाही. "मालकाला फॅमिली पाहिजे होती. पण मी बोलतो. दोघं एकाच कंपनीत आहात ना? तेच लिहितो. बाकीचं मला सांगू नका. आणि बाल्कनीत कपडे जरा बघून वाळत घाला."

हा माणूस वाईट नाही. त्याने घर दिलं, पोलिस व्हेरिफिकेशनचा अर्जही स्वतः भरला. त्याला सगळं कळलंय आणि काहीही कळून घ्यायचं नाहीये. व्हॅटिकनचं निवेदनही हेच सांगतं: आशीर्वाद मागणाऱ्याच्या नैतिकतेची आधी सखोल तपासणी करत बसू नका. फरक इतकाच की एजंट दलाली म्हणून एका महिन्याचं भाडं घेतो.

त्या खुलाशात आणखी एक गोष्ट आहे, ती फार कुणी वाचलेली दिसत नाही. उदाहरण म्हणून एक जोडपं घेतलंय, यात्रेला आलेलं, घटस्फोटानंतर नव्याने जमलेलं. ते फादरना म्हणतं, आम्हाला काम मिळत नाही, हा फार आजारी आहे, आम्हाला घर नाही, जगणं कठीण झालंय, आशीर्वाद द्या. रोममध्ये बसून ज्याने हे लिहिलं त्याने घोडबंदर रोडवर भाड्याने घर शोधलं असावं अशी मला दाट शंका आहे.

आता कुणी म्हणेल, ख्रिश्चनांच्या या घरगुती भांडणात आपण ठाणे-कल्याणवाल्यांनी नाक का खुपसावं? तर नाक आपलं तिथे दीड हजार वर्षांपासून आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलं की 'कल्लियाना' इथे पर्शियातून नेमलेला बिशप असतो. हे ठिकाण म्हणजे आपलं कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात. कँटरबरीचा पहिला आर्चबिशप आला ५९७ साली. म्हणजे इंग्लंडच्या मुख्य गादीवर कुणी बसायच्या आधी कल्याणला बिशप होता. पुढे १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. मग पोर्तुगीज आले, तलावपाळीजवळचं सेंट जॉन बॅप्टिस्ट त्यांच्या काळातलं. मग इंग्रज. ठाण्याचं सेंट जेम्स चर्च १८२५ साली बिशप हेबर यांच्या हस्ते अर्पण झालं.

आणि कल्याण आजही रोमच्या नकाशावर ठळक आहे. केरळातून कामधंद्यासाठी महाराष्ट्रात आलेल्या सीरो-मलबार कॅथलिकांचा वेगळा धर्मप्रांत १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्थापन केला, त्याचं नाव कल्याण. २०२५ मध्ये त्याला बढती मिळून तो महाधर्मप्रांत झाला. ज्या स्टेशनचं नाव आपण 'पुढील स्टेशन' म्हणून ऐकत झोपी जातो, त्या नावाचे आर्चबिशप आहेत.

आता गंमत बघा. कल्याण-डोंबिवलीत दोन प्रकारचे कॅथलिक शेजारी शेजारी राहतात. एक लॅटिन पद्धतीचे, मुंबई महाधर्मप्रांताचे. दुसरे सीरो-मलबार, पूर्वेकडच्या परंपरेचे. पोप एकच. पण पूर्वेकडच्या कॅथलिक चर्चेसच्या परंपरेत धर्मगुरूचा आशीर्वाद उपासनेपासून सुटा काढता येत नाही. रोमचं निवेदन तर म्हणतं, हा आशीर्वाद उपासनेबाहेरचाच. युक्रेनच्या ग्रीक कॅथलिक चर्चचे प्रमुख शेवचुक यांनी आठवड्याच्या आत सांगून टाकलं की हा कागद लॅटिनवाल्यांसाठी, आम्हाला लागू नाही. आफ्रिकेतल्या बिशपांनी ११ जानेवारी २०२४ रोजी सांगितलं, आमच्याकडे असे आशीर्वाद होणार नाहीत. जर्मनीत नि बेल्जियममध्ये उलट तक्रार: एवढंच? आणि मिस्सा म्हणताना धर्मगुरूंनी लोकांकडे तोंड करावं की वेदीकडे, या एका प्रश्नावर सीरो-मलबार चर्चमध्ये केरळात वर्षानुवर्षं भांडण चाललं, मोर्चे निघाले. तोंड कुठे करायचं हेच ज्यांचं ठरायला इतकी वर्षं गेली, त्यांना कुणाचं तोंड कुणाकडे असावं हे विचारायला कोण जाणार?

मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी मात्र या निवेदनाचं स्वागत केलं. आशीर्वाद मागणं भारतीय मनाला स्वाभाविकच आहे, असं त्यांचं म्हणणं. यात तथ्य आहे. बुधवारी माहीमच्या नोव्हेनाला डोंबिवलीहून किती जोशी-कुलकर्णी जातात ते मोजा. मेणाचं घर, मेणाचं बाळ, मेणाचा पाय घेऊन रांगेत उभे असतात. त्यांना कुणी विचारत नाही की तुमचा स्नानसंस्कार झालाय का. इथले ईस्ट इंडियन कॅथलिक ऑक्टोबरात आगेराच्या सणाला भाताची नवी लोंबी आशीर्वादाला नेतात. लग्नाआधी वाजतगाजत 'उंबराचं पाणी' आणतात, ते रोमच्या कुठल्या पुस्तकात आहे? चर्चने त्याकडे कधी काणाडोळा केला, कधी कौतुक केलं, पण पाणी येत राहिलं. याच ग्रेशियस यांनी २०१३ च्या डिसेंबरात, सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा जिवंत केलं तेव्हा, समलिंगी लोक गुन्हेगार नव्हेत असं उघड सांगितलं होतं. त्यांच्या लग्नाला मात्र त्यांचा विरोध होता. त्या महिन्यात किती राजकीय पक्षांना एवढंही म्हणवलं होतं?

कलम ३७७ वरून आठवलं. ते १८६० साली इंग्रजांनी दिलं, आणि आम्ही ते ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत घरच्या लोणच्यासारखं जपलं. ज्यांनी दिलं त्यांच्या चर्च ऑफ इंग्लंडमध्ये १७ डिसेंबर २०२३ पासून, म्हणजे व्हॅटिकनच्या बरोबर एक दिवस आधी, नेहमीच्या उपासनेत समलिंगी जोडप्यांसाठी प्रार्थना सुरू झाल्या. लग्न नाहीच, तिथेही नाही. पण निदान वेदीपासून लांब उभं करत नाहीत.

आपल्याकडे काय झालं? १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं, समलिंगी विवाहाचा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तर संसदेने करावा. आणि एक समिती नेमायला सांगितली. या खटल्यात विरोधाच्या बाजूला अखिल भारतीय संत समिती होती आणि जमियत उलेमा-ए-हिंदही होती. भिवंडीच्या शांतता समितीला जे इतक्या वर्षांत साधलं नाही, ते दोन मुलांनी लग्न करू म्हटल्याबरोबर साधलं. सरकारचं प्रतिज्ञापत्र होतंच की भारतीय कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि मुलं. त्यामुळे चर्चला हसणाऱ्या हिंदू, मुसलमान आणि निधर्मी मंडळींनी आपापली ओळ धरावी, ढकलाढकली करू नये.

पण सरकारलाही मन असतं. २०२४ च्या ऑगस्टअखेर अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की अशा जोडीदारांनी बँकेत जॉइंट खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. अन्न विभागाने राज्यांना कळवलं की रेशन कार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले समजा. रोमकडून पंधरा सेकंद, दिल्लीकडून गहू-तांदूळ. दोन्हीकडे द्यायची तयारी आहे, फक्त तुम्ही कोण ते म्हणायला सांगू नका.

मला यात सगळ्यात दया येते ती साध्या फादरची. डोंबिवलीच्या इन्फंट जीझस किंवा कल्याणच्या लूर्ड्स चर्चमध्ये रविवारची मिस्सा आटोपून जो दारात उभा असतो त्याची. एका हाताला स्कॉलरशिपच्या शिफारसपत्रासाठी थांबलेली आई, दुसऱ्या हाताला नव्या रिक्षावर पाणी शिंपडा म्हणणारा काका. त्यात दोघं पुढे होतात. वरून सूचना आली आहे की विधी ठरवू नका, आणि बारीकसारीक तपशिलांबद्दल आता आमच्याकडून आणखी उत्तरांची वाट बघू नका. हे खरोखर त्या निवेदनात लिहिलंय. म्हणजे त्याने काय बोलायचं ते त्यानेच त्या क्षणी ठरवायचं, मोबाइलवर कुणी शूटिंग करतंय का तेही बघायचं, आणि उद्या तक्रार गेली तर उत्तरही त्यानेच द्यायचं. आशीर्वाद दिल्याची नोंद कुठल्या वहीत नाही, दाखला नाही, फोटो नाही. म्हणून ठाण्यात असे आशीर्वाद किती झाले, असा प्रश्न मला विचारू नका. ते कुणालाही सांगता येऊ नये, अशीच व्यवस्था आहे.

तरीही एक सांगतो. पोप फ्रान्सिस २०२५ च्या एप्रिलमध्ये गेले. कुणाचा न्याय करणारा मी कोण, असं ते २०१३ मध्ये विमानात बोलून बसले होते, आणि पुढची दहा वर्षं त्या वाक्याचा हप्ता फेडत राहिले. पंधरा सेकंद हा त्यातला एक हप्ता. कद्रू आहे, मान्य. पण तेवढा वेळ का होईना, एक माणूस या दोघांच्या समोर उभा राहून त्यांना काम मिळो, घर मिळो असं मोठ्याने म्हणतो. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत असलं वाक्य मी अजून ऐकलेलं नाही. तिथे ऐकू येतं ते 'बॅचलर नकोत' आणि पार्किंग.

तर त्या दोन बाळीवाल्या मुलांनी आता खुशाल एकत्र रेशन कार्डासाठी अर्ज करावा. दिल्लीचं पत्र आहे. फॉर्ममध्ये 'कुटुंबप्रमुखाशी नाते' असा एक रकाना येईल, तिथे थोडं अडायला होईल. खिडकीतले साहेब चष्म्यावरून बघतील आणि म्हणतील, एकाच घरात राहता याचं सोसायटीचं पत्र आणा. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतील, पत्र देतो की, आधी फॅमिली असल्याचा पुरावा आणा. रेशन कार्ड चालेल.