दाखला कशासाठी हवाय?

मागच्या आठवड्यात बदलापूरच्या खरवईत एका झेरॉक्सच्या दुकानात रांगेत होतो. पुढे एक मावशी. एमआयडीसीत पॅकिंगला जातात. कंपनीची जाळीची टोपी अजून डोक्यावरच होती. त्यांना उत्पन्नाचा दाखला काढायचा होता. काउंटरवरच्या पोराने स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, "उत्पन्न किती टाकू?"

"पाचशे रोज पडतो. खाडा झाला की कापतात. महिन्याचे अकरा हजार धर."

"तसं नाय ओ मावशी. दाखला कशासाठी हवाय ते सांगा, मग आकडा सांगतो."

या पोराला नियोजन आयोगावर घ्यायला हवं होतं. पण आयोगच गुंडाळला, आणि २०१५ पासून नीती आयोग आला. भल्याभल्यांना फाइली चाळून जे समजलं नाही ते हा झेरॉक्स काढता काढता शिकला होता. आपल्याकडे आधी योजना ठरते आणि उत्पन्न मागाहून.

खोटं वाटत असेल तर मोजा. बदलापूर मुंबई महानगर प्रदेशात येतं, त्यामुळे पंतप्रधान आवास योजनेत वर्षाला ६ लाख कमावणारं कुटुंबही इथे दुर्बल ठरतं. म्हणजे महिन्याला ५० हजार. दहा टक्के आरक्षण हवं असेल तर ८ लाखांपर्यंत तुम्ही आर्थिकदृष्ट्या दुर्बल. लाडकी बहीण व्हायचं तर अडीच लाखांच्या आत राहा. (भावांनी ती अट भलतीच मनावर घेतली. १४ हजारांहून अधिक पुरुषांच्या खात्यात पैसे गेल्याचं २०२५ मध्ये उघडकीला आलं.) पण रेशनवर महिन्याला माणशी पाच किलो धान्य हवं असेल, तर शहरातल्या अख्ख्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५९ हजारांच्या आत पाहिजे. आणि पिवळं कार्ड हवं? मग १५ हजार. दिवसाला ४१ रुपये, घरातल्या सगळ्यांचे मिळून. दोन वडापाव आणायचे आणि चौघांत वाटून खायचे.

फ्लॅट मागणाऱ्याला गरीब म्हणवून घ्यायला ५० हजारांपर्यंत सवलत आणि तांदूळ मागणाऱ्याला ४,९१६ रुपयांचा दोरखंड. देणं जितकं किरकोळ, तितकी गरिबी अस्सल लागते.

५९ हजारांची ही रेघ २०१३ च्या डिसेंबरातली. मावशींचा हिशेब तिथल्या तिथे मांडून बघितला. रोज ५००, महिन्याचे २२ दिवस. १ एप्रिलपासून मोजायला घेतलं तर ऑगस्टअखेर ५५ हजार होतात. सप्टेंबरात आणखी आठ दिवस भरले की ५९ हजार पुरे! म्हणजे गणपतीच्या आगेमागे मावशींच्या गरिबीचंही विसर्जन. नवराही तेवढंच कमावत असेल तर गणपतीपर्यंत थांबायलाच नको, वटपौर्णिमेच्या आसपास घर श्रीमंत. वडाला फेरे मारताना सात जन्म हाच नवरा मागावा, पण बिनकामाचा मागावा.

याच रेघेच्या काळात, २०१६ मध्ये, आमदारांचा पगार दुपटीहून जास्त वाढला. त्यासाठी त्यांना कुठे दाखला काढावा लागल्याचं ऐकिवात नाही.

गरिबीच्या रेघा आखण्यात महाराष्ट्र तसा कधीच मागे नव्हता. पुण्याच्या गोखले संस्थेत अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये हिशेब मांडला: १९६०-६१ च्या भावाने शहरात जगायला माणशी महिन्याला साडेबावीस रुपये लागतात. पुढे सुरेश तेंडुलकरांच्या समितीची पद्धत आली. तिच्यावर बेतून २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात शहरासाठी दिवसाला ३२ रुपयांचं प्रतिज्ञापत्र गेलं आणि देशभर हसं झालं. २०१४ मध्ये रंगराजन समितीने ४७ सांगितले. त्यानंतर सरकारने शहाणपणा केला. नवी रेघच काढली नाही. मग नीती आयोगाने बहुआयामी निर्देशांक आणला आणि नऊ वर्षांत २४ कोटी ८२ लाख लोक गरिबीतून बाहेर आल्याचं २०२४ च्या जानेवारीत जाहीर केलं. त्या निर्देशांकात वीज आहे, स्वयंपाकाचं इंधन आहे, बँकेचं खातंही आहे. मावशींचं खातं आहे. आत काय आहे, ते निर्देशांक विचारत नाही.

बरं, मावशी सगळ्या अटींत बसल्या असं धरू. तरी पुढे एक शब्द दबा धरून बसलेला असतो: इष्टांक. बदलापूरकरांना पाण्याच्या टँकरइतकाच परिचित. राज्यात धान्य किती जणांना द्यायचं तो सुमारे ७ कोटींचा आकडा २०११ च्या जनगणनेवरून ठरला. तेव्हा कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या होती १ लाख ७४ हजार २२६. आज फलाटावर सकाळची लोकल पकडणाऱ्याला विचारा, गाव तेवढंच आहे का? पण धान्याच्या कागदावर टॉवरही उभे राहिले नाहीत आणि त्या टॉवरांत भांडी घासायला येणाऱ्या बायकाही आल्या नाहीत. "इष्टांक शिल्लक नाही" म्हटलं की विषय संपला. कोणी तरी नाव कमी व्हायची वाट बघायची. म्हणजे कोणी तरी मरायची.

गरिबाची तपासणी मात्र चोख. आधार, अंगठा, ई-केवायसी, तलाठ्याचा अहवाल. उलट बाजूला जिल्हा नियोजनाच्या बैठका होतात आणि मार्च जवळ आला की निधी किती टक्के खर्च झाला, एवढंच विचारलं जातं. कितीजणांना आता कार्डाची गरज उरली नाही, हे विचारल्याचं मी तरी वाचलेलं नाही. पैसा संपला म्हणजे गरिबी संपली, असा हा हिशेब.

कायद्यात जबाबदारी अजिबात नाही असं नाही हं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. उत्पन्नाच्या दाखल्याला मुदत १५ दिवसांची. विनाकारण अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दंड किमान ५००, कमाल ५,००० रुपये. आता हा कमाल दंड त्या ४,९१६ च्या शेजारी ठेवून बघा. साहेबांनी एकदा दंड भरला तर तो महिन्यापुरता मावशींच्या घराला गरिबीतून बाहेर काढेल. अर्थात दंड सरकारी तिजोरीत जातो.

पोराने शेवटी कोणता आकडा टाकला ते मी पाहिलं नाही. मावशींनी पावती न बघताच घडी करून पर्सच्या तळाशी घातली, तेवढं दिसलं. त्यांना जे तिथे सांगायला हवं होतं ते इथे सांगतो: पावतीवरची तारीख बघा आणि ती जपून ठेवा. सोळाव्या दिवशी दाखला हातात नसेल तर प्रथम अपील टाका. त्यासाठी ३० दिवस मिळतात, आणि अपील करायला उत्पन्नाची अट नाही.