अर्ज करू नये

तलाठी भरतीत एका उमेदवाराला २०० पैकी २१४ गुण मिळाले होते, आठवतंय? जानेवारी २०२४ची गोष्ट. लोक हसले, विरोधक ओरडले, आणि सरकारनं खुलासा केला की ही चूक नाही, हे सामान्यीकरण आहे. परीक्षा अनेक सत्रांत झाली, कुठला पेपर सोपा, कुठला अवघड, म्हणून गुण एका सूत्रातून काढले. जागा साडेचार हजारांच्या आसपास, अर्ज दहा लाखांवर, खुल्या गटाला शुल्क हजार रुपये. पद कसलं, तर सातबारा आणि फेरफार सांभाळण्याचं. तेवढ्यासाठी उत्तरतालिका जाहीर झाली, हरकती मागवल्या गेल्या, आणि गणित शंभर टक्क्यांच्या बाहेर गेलं तर तेही कारणासह चव्हाट्यावर आलं.

पोलीस शिपाई व्हायचं तर १६०० मीटर धावा, गोळा फेका, छाती फुगवून दाखवा. पुढं डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेयर, चारित्र्य पडताळणी आणि लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, म्हणजे न्यायदानाच्या शिडीची खालची पायरी. तिथं लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत. शिवाय २० मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तीन वर्षं वकिली हवीच. आणि ती केली, हे दहा वर्षं मुरलेल्या वकिलानं लिहून द्यायचं, त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची सही घ्यायची. नुसत्या सनदेवर विश्वास कोण ठेवतो?

इथपर्यंत सगळं लेखी आहे. इथून वर चढत जा, कागद कमी होत जातो.

उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदाची जाहिरात कधी निघत नाही. निघालीच तर अशी निघेल. वेतन दरमहा सव्वादोन लाख रुपये. निवृत्तीचं वय ६२. पात्रता, उच्च न्यायालयात दहा वर्षं वकिली किंवा तितकीच वर्षं न्यायिक पद. लेखी परीक्षा नाही. मुलाखत पूर्वी नव्हती, अलीकडे गाठभेट होते. काय विचारलं, ते विचारू नये. अर्ज कसा करावा, तर करू नये. निवड यादी लागेल, प्रतीक्षा यादी लागणार नाही, पण प्रतीक्षा करावी लागेल. नाव का निवडलं आणि का वगळलं याबाबत पत्रव्यवहार केला जाणार नाही. सरकारी जाहिरातीत तळाशी एक ठरलेली अट असते, की कुणाकरवी शिफारस आणणारा उमेदवार अपात्र ठरेल. ती अट या पदास लागू नाही. इथं शिफारशीवाचून फाइल हलतच नाही.

आता ही शिफारस करतो कोण? ज्याला सगळे कॉलेजियम म्हणतात तो न्यायवृंद. सर्वोच्च न्यायालयासाठी सरन्यायाधीश धरून पाच जण, उच्च न्यायालयांसाठी तिघं. सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून दोन सभासद भांडले तरी सचिवाला इतिवृत्त लिहावं लागतं. देशाचे न्यायाधीश ठरवणाऱ्या पाच जणांना मात्र ती कटकट नव्हती. २०१६मध्ये न्या. चेलमेश्वर यांनी, म्हणजे या पाचांतल्याच एकानं, बैठकीला यायचं थांबवलं. काय ठरलं, का ठरलं, याची नोंदच होत नसेल तर मी कागद पाठवा म्हणतो, माझं मत लेखी देतो, असा त्यांचा पवित्रा. घरातला माणूसच असं म्हणाला म्हटल्यावर वर्षभरानं, ऑक्टोबर २०१७पासून, ठराव संकेतस्थळावर यायला लागले. सुरुवातीला कारणंसुद्धा होती. मग हळूहळू कारणं आखडत गेली आणि नावं तेवढी उरली.

‘सरकारच्या हातात द्या ना मग!’ असं म्हणणाऱ्यांनी १९७३ आठवावं. २४ एप्रिलला केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला, सात विरुद्ध सहा, आणि इंदिरा गांधींचं सरकार हरलं. लगेच शेलत, हेगडे, ग्रोव्हर या तिघांची ज्येष्ठता ओलांडून चौथे, सरकारच्या बाजूनं मत दिलेले अजितनाथ रे, सरन्यायाधीश. तिघांनी राजीनामे दिले. पुन्हा १९७७. आणीबाणीत माणसाला पकडून नेलं तर न्यायालयानं विचारायचं की नाही, या १९७६च्या खटल्यात पाचांपैकी एकट्या हंसराज खन्नांनी ‘विचारायचं’ असं लिहिलं होतं. त्यांनाही डावललं. तेही गेले.

या गोष्टीची शेपटी जास्त चमत्कारिक आहे. जनता सरकार आलं. त्यानं ठरवलं, आपण बाबा ज्येष्ठता पाळायची. ज्येष्ठतेनं कोण आलं, तर यशवंत विष्णू चंद्रचूड, त्याच १९७६च्या खटल्यात बहुमताच्या बाजूला बसलेले. १९७८ ते १९८५, सात वर्षांवर, आजवरची सर्वांत लांब कारकीर्द. एकानं माणसाचा जीव वाचवायचं मत लिहिलं, तो घरी बसला. दुसऱ्यानं न विचारण्याचं मत लिहिलं, तो विक्रमाला पोचला. नियम मोडला तेव्हा अन्याय झाला आणि नियम पाळला तेव्हाही बक्षीस जायचं तिथं गेलं नाही. (त्या निकालाला रीतसर मूठमाती मिळाली २०१७मध्ये, खाजगीपणाच्या खटल्यात. मुख्य निकालपत्र लिहिलं धनंजय यशवंत चंद्रचूड यांनी. घरचं कर्ज घरानं फेडलं म्हणायचं.)

तर हा इतिहास पाठीशी असल्यामुळं १९९३मध्ये नऊ न्यायमूर्तींनी लेखणी काढून घेतली. राज्यघटनेत सरन्यायाधीशांशी सल्लामसलत करावी असं होतं; पीठ म्हणालं, सल्ला म्हणजे संमती. १९९८मध्ये पाचांची, तिघांची मांडणी पक्की झाली. सरकारची लेखणी वाईट निघाली म्हणून ती काढून घेणं मला तेव्हाही पटण्यासारखं होतं आणि आजही आहे. पण काढून घेतलेल्या लेखणीत शाई भरायची राहून गेली.

२०१४मध्ये संसदेनं ९९वी घटनादुरुस्ती करून न्यायिक नियुक्ती आयोग काढला. सहा जण. सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती, कायदामंत्री आणि दोन ‘मान्यवर’. कुठले मान्यवर, कशात मान्यवर, ते कायद्यानं सांगितलं नव्हतं. सहापैकी कुठल्याही दोघांनी मान हलवली की नाव बाद, हे मात्र नीट सांगितलं होतं. १६ ऑक्टोबर २०१५ला चार विरुद्ध एक मतानं आयोग रद्द झाला. तो एक म्हणजे चेलमेश्वरच. रद्द झाला ते बरंच झालं. गंमत पुढं आहे. आमच्या पद्धतीतही उणिवा आहेत, असं न्यायालयानं स्वतःच मान्य केलं, जनतेकडून सूचना मागवल्या आणि डिसेंबरात सरकारला सांगितलं की नवी कार्यपद्धती लिहा, आम्हाला दाखवा. मसुदा इकडून तिकडं गेला, तिकडून इकडं आला. सुधारित कार्यपद्धतीचा पत्ता अजून नाही. दोघांचं एकमत होत नाही असं सांगतात. मला वाटतं एका बाबतीत पूर्ण एकमत आहे: लिहून ठेवलं की बांधले जाऊ.

याचा पुरावा जानेवारी २०२३मध्ये मिळाला. न्यायवृंदानं एकदाच काय ते धाडस केलं आणि सरकारचे आक्षेप जसेच्या तसे ठरावात छापले. मुंबई उच्च न्यायालयासाठी सुचवलेले सोमशेखर सुंदरेसन समाजमाध्यमांवर मतं मांडतात, हा एक आक्षेप. मद्रासच्या एका वकिलानं पंतप्रधानांवर टीका करणारा लेख पुढं पाठवला होता, हा दुसरा. दिल्लीचे सौरभ कृपाल समलिंगी आहेत आणि त्यांचे जोडीदार स्विस नागरिक आहेत, हा तिसरा. छापून आल्यावर हे आक्षेप किती खुजे दिसतात ते देशानं पाहिलं. तत्कालीन कायदामंत्री किरेन रिजिजू यांनी गंभीर चिंता व्यक्त केली. कशाबद्दल? आक्षेपांबद्दल नव्हे, गुप्तचर खात्यांचे अहवाल उघड केले याबद्दल.

सुंदरेसन त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यायमूर्ती झाले, पहिल्या शिफारशीपासून पावणेदोन वर्षांनी. कृपालांचं नाव दिल्लीच्या न्यायवृंदानं २०१७मध्ये धाडलं, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदानं २०२१मध्ये मान्य केलं, २०२३मध्ये पुन्हा पाठवलं. पुन्हा पाठवलेलं नाव सरकारवर बंधनकारक असतं. बंधन आहे, पण ते पाळायची मुदत कुणी पाळत नाही. नेमणुकीचा आदेश काही निघाला नाही. नकार कळवला तर कारण द्यावं लागतं. फाइल उशाला घेऊन झोपलं तर काहीच द्यावं लागत नाही.

पण तीच दिल्ली मनावर घेते तेव्हा काय वेगानं धावते! मे २०२२मध्ये निवडणूक आयोगातली एक जागा रिकामी झाली. सहा महिने ती रिकामीच. १८ नोव्हेंबरला सचिवपदावरच्या अरुण गोयल यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि १९ नोव्हेंबरला ते निवडणूक आयुक्त झाले. फाइल निघाली, नावं आली, छाननी झाली, पंतप्रधान झाले, राष्ट्रपती झाले, सगळं चोवीस तासांच्या आत. एवढ्या वेळात आपल्या तहसील कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जात नाही. सर्वोच्च न्यायालयानं फाइल मागवली आणि या विजेच्या वेगाबद्दल विचारणा केली. पुढं मार्च २०२४मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, गोयल यांनी राजीनामा दिला. तोही त्याच दिवशी मंजूर. कारण? व्यक्तिगत. विषय संपला.

तोवर न्यायालयानं मार्च २०२३मध्ये म्हटलं होतं की संसद कायदा करेपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांनी मिळून आयुक्त निवडावेत. इतकी वर्षं या कायद्याची कुणाला आठवण नव्हती. नऊ महिन्यांत तो झाला. डिसेंबर २०२३च्या कायद्यात समिती तिघांचीच ठेवली, फक्त सरन्यायाधीश काढून पंतप्रधानांनी नेमलेला एक केंद्रीय मंत्री घातला. दोनास एक. मतदान कशाला घ्यायचं?

१४ मार्च २०२४ला या समितीची पहिली बैठक झाली, दोन जागांसाठी. विरोधकांतर्फे अधीर रंजन चौधरी. त्यांनी बाहेर येऊन सांगितलं, आदल्या रात्री माझ्या हातात २१२ नावांची यादी दिली. आणि निवडक सहा नावं बैठकीच्या दहा मिनिटं आधी. एका रात्रीत २१२ अधिकारी वाचायचे म्हणजे दोन-अडीच मिनिटाला एक, तेही जागून. तलाठ्याची उत्तरपत्रिका तपासणारं यंत्रसुद्धा इतकं घाईवर आणलं तर कागद अडकवेल.

न्यायाधीशांच्या बाबतीत घाई नको म्हणून आपण जन्मतारीख ठेवली आहे. सर्वोच्च न्यायालयात कोण कधी आलं आणि कोण कधी पासष्टीचं होतं, या दोन तारखा मांडल्या की पुढच्या कित्येक वर्षांचे सरन्यायाधीश कागदावर उतरतात. अमरावतीचे भूषण गवई यांच्या वाट्याला सहा महिने आले. १९९१मध्ये कमल नारायण सिंह यांना १७ दिवस मिळाले. न्या. नागरत्ना २०२७मध्ये देशाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश होतील, ३६ दिवसांसाठी. मधल्या सुट्ट्या वजा करून सांगत नाही, वाईट वाटेल. पण १९७३ नको असेल तर पंचांग हवंच, अशी ही तडजोड आहे, आणि तिच्यावर हसणं सोपं असलं तरी तिला पर्याय सुचवताना भल्याभल्यांची जीभ अडखळते.

दक्षिण आफ्रिकेत न्यायिक सेवा आयोग उमेदवारांना समोर बसवून उघडपणे मुलाखती घेतो, त्या दूरचित्रवाणीवर दिसतात, आणि तिथं राजकारण्यांचे आचरट प्रश्नही लोक ऐकतात. ब्रिटनमध्ये न्यायाधीशपदाची जाहिरात येते, अर्ज भरावा लागतो. आपल्याकडे मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यामागच्या अडीच वर्षांतल्या उच्च न्यायालयीन नेमणुकांची यादी लोकांसमोर ठेवली, आणि तीत उमेदवाराचं कुणा आजी-माजी न्यायमूर्तींशी नातं आहे का, तेही सांगितलं. चांगलं पाऊल. तलाठ्याला मामा लपवावा लागतो. इथं निदान मामाला अधिकृत रकाना मिळाला.

निवडणूक आयुक्तांच्या कायद्यात मात्र रकान्यांची चंगळ आहे. कायदामंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली एक शोध समिती, सोबतीला दोन सचिव. त्यांनी देशभर शोध घ्यायचा आणि पाच नावं काढून निवड समितीपुढं ठेवायची. पुढचं कलम, आठवं, सांगतं की निवड समितीनं पारदर्शक पद्धतीनं आपली कार्यपद्धती स्वतः ठरवावी. आणि त्याच कलमात पुढं म्हटलंय की शोध समितीनं दिलेल्या पाचांच्या बाहेरचं नावही तिला विचारात घेता येईल.