फाटलं नाही, फाडलं

चंद्रपूरच्या उन्हाबद्दल बाहेरचे लोक फार वाईट बोलतात. २०१९ च्या मे महिन्यात इथला पारा ४८ अंशांवर गेला, तेव्हा पुण्याच्या नातेवाइकांचे फोन अशा सुरात आले की आता पलीकडून दोन मिनिटं शांतता पाळतात की काय, असं वाटलं. आम्ही त्या दिवशी घरातल्या सगळ्या चादरी धुऊन काढल्या. पहिली दोरीवर टाकून दुसरी पिळेपर्यंत पहिली घडी घालायला तयार.

या उन्हाचा आणखी एक गुण कुणी लिहीत नाही. वरण सांडलेला शर्ट साबणानं धुतला की हळदीचा डाग लालभडक होतो आणि नवखा माणूस हबकतो. हळदीला साबणातला क्षार लागला की ती लाल होते, इतकंच. तो शर्ट ओलाच गच्चीवर टाकावा. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. चहाच्या वेळेला डाग शोधावा लागतो. पंचाईत एवढीच, की हळदीचा पिवळा आणि शर्टाचा निळा यांत ऊन भेदभाव करत नाही. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ आपली काळी पँट वर्षानुवर्षं एकाच बाजूनं उन्हात टाकतात. ते येताना काळ्या पँटीत येतात आणि जाताना राखाडी पँटीत जातात. कपडा उलटा करून सावलीत टाकला तरी चंद्रपुरात तो वाळतोच, उगाच सूर्याला त्रास कशाला द्यायचा?

पण ऊन हा किरकोळ आरोपी आहे. खरा आरोपी घरात असतो, हे मला सासूबाईंनी दाखवून दिलं. त्या आरमोरीच्या. एकदा आमच्याकडे आल्या असताना मशीनमधून माझा एक शर्ट बाहेर निघाला. कॉलर उसवलेली, बटणं बेपत्ता. त्यांनी तो दोन बोटांत धरला आणि म्हणाल्या, ‘जावईबापू, कपडा आपल्या मनानं नाही फाटत. धुनाराच फाडते.’

मी पंचनामा करायला मशीनची जाळी उघडली. तिच्यात एक करडा बोळा होता. हा बोळा म्हणजे कचरा, अशी आपली समजूत असते. तो आपलाच शर्ट असतो, हप्त्याहप्त्यानं गेलेला. मशीनवर ‘हेवी’ नावाचं एक बटण असतं आणि पैसे मोजलेत तर तेच दाबायचं, असा आमच्या घरातला रिवाज. ऑफिसात पंख्याखाली बसून आलेल्या शर्टालाही खाणीतून वर आल्यासारखी वागणूक मिळते.

मशीनच्या आधी मोगरी होती. तीही काही संत नव्हती. पण तेव्हा घरात सुती कपडा असायचा, आणि सूत ओलं झालं की उलट जास्त बळकट होतं. मोगरीचा मार ते सोसून जायचं. रेयॉनचं नेमकं उलटं. ओलं झालं की त्याची निम्मी ताकद गेलीच म्हणून समजा. रेशीमही ओलेपणी हळवं. बायकोचा रेयॉनचा कुर्ता आणि माझी सुती बनियन एकाच फेरीत फिरतात आणि बनियन ठणठणीत बाहेर येते. त्यावरून बायकोनं काढलेला निष्कर्ष इथं देत नाही.

त्यात आमचं बोअरचं पाणी. साबणाला फेसच येत नाही. फेस म्हणजे स्वच्छता, अशी आपली श्रद्धा. म्हणून आणखी एक चमचा पावडर, मग आणखी एक. ती सगळी कपड्यातून निघत नाही. टॉवेल वाळला की दोरीवरून काढून भिंतीला टेकवून ठेवता येतो. पांढरे कपडे पिवळट दिसू लागले की नीळ घालायची. नीळ काही मळ काढत नाही; पिवळ्यावर निळी छटा चढवून डोळ्याला फसवते. निळीबद्दल माझी तक्रार नाही. फसवणूक असली तरी ती कपडा फाडत नाही.

‘मग घामाचे कपडे धुवायचेच नाहीत का?’ हा प्रश्न मी सावलीच्या मामांना विचारला. सावली हे चंद्रपूर जिल्ह्यातलं खादीचं जुनं गाव. १९३६ साली तिथं गांधी सेवा संघाचं अधिवेशन झालं, गांधीजी आले होते. मामा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी जन्मले, पण बोलतात असे की मंडप त्यांनीच टाकला होता. त्यांचे खादीचे दोन जोड, आणि दोन्हींना घरातल्या कुणाचा हात लागू देत नाहीत. घरी आले की सदरा नुसत्या पाण्यातून काढतात, न पिळता झटकून टाकतात. साबण आठवड्यातून एकदा. ‘घाम म्हणजे पाणी आणि मीठ,’ ते म्हणतात. ‘त्याले पाणीच पुरते. साबन तेलकटाले.’ मामांच्या सदऱ्याचं वय मामीलाही नक्की सांगता येत नाही.

आता कोसा. आरमोरीच्या परिसरात ढिवर समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या पोसतात आणि दिवसभर पाखरं हाकलत राखण करतात. इतक्या राखणीतून निघालेला धागा. त्याची मधाच्या रंगाची, करवतकाठी साडी सासूबाईंनी लेकीला लग्नात दिली. ही साडी आमच्या घरातली सर्वांत मानाची व्यक्ती. तिला मशीन दाखवलेलंसुद्धा नाही.

रिठ्याची सालं रात्री भिजत घालायची, सकाळी कुस्करून फेस काढायचा, साडी त्यात बुचकळायची, पिळायची नाही. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपायचं आणि सावलीत पसरायची. एका हुशार भाच्यानं डाग खाणारी नवी पावडर सुचवली. त्या पावडरीत एन्झाइम असतं; ते दूध, अंडं, रक्त यांच्या डागातलं प्रथिन तोडतं. कोसाही अळीनं काढलेलं प्रथिनच आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आणि काठाचा रंग पक्का व्हावा म्हणून साडी मिठाच्या पाण्यात घालायचा सल्ला देणारी एक मावशी प्रत्येक घरात असते. मीठ रंगवताना कामाचं. एकदा रंगलेल्या कपड्याचा रंग त्यानं पक्का होत नाही. काठाचं टोक ओलं करून पांढऱ्या फडक्यावर दाबलं की खरं-खोटं तिथंच कळतं. मावशीला मात्र हे सांगू नये.

कांजीचंही तसंच. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेला एचएमटी तांदूळ आमच्याकडे रोजचा. त्याची पेज घातलेली सुती साडी अशी कडक होते की नेसणारीला वाकताना विचार करावा लागतो. पण कांजीसकट कपडे पेटीत ठेवले की कसर जेवायला येते. ठेवणीतला कपडा बिनकांजीचाच असावा.

आमच्या जंगलानं कपड्यांना दिलेली एकच गोष्ट खरी अमर आहे: बिब्बा. परीट बिब्ब्याच्या रसानं कपड्यावर खूण करायचे, वर चुना लावायचे. ती काळी खूण कशानंच जात नसे. पोलीससुद्धा तिच्यावरून माणूस शोधत. सासऱ्यांच्या धोतराची आज गोधडी झाली आहे. तिचं सूत विरलं, पण कोपऱ्यातली खूण काळीकुट्ट आहे.

पाऊस लागायच्या आत एक काम करा. लग्नातला कोसा, पैठणी, जे असेल ते प्लास्टिकच्या पिशवीतून काढा. आत ओल कोंडते आणि बुरशीचे ठिपके पडतात. जुन्या सुती धोतरात गुंडाळा, घडी बदला, नाहीतर रेशीम घडीवरच चिरतं. आणि मशीनचं ते ‘हेवी’ बटण आठवड्यातून एकदाच दाबा, तेही चादरींसाठी.