चिंब आणि काकभेजा

मराठी वर्तमानपत्रात रसिक फार लवकर चिंब होतात. गाण्याचा कार्यक्रम झाला, की दुसऱ्या दिवशी 'सुरांच्या वर्षावात रसिक चिंब'. कीर्तन झालं, की श्रोते भक्तिरसात चिंब. प्रेमिकांचं तर विचारूच नका, ते चैत्रातही चिंबच असतात. सभागृह मात्र वातानुकूलित, खुर्च्या कोरड्या ठणठणीत, आणि घरी गेल्यावर कुणालाही टॉवेल लागत नाही.

कोलकात्यात राहायला लागल्यापासून मला या शब्दाची काळजी वाटते. इथला पाऊस मुंबईपेक्षा कमीच, पण पडलेलं पाणी जायचं नाव घेत नाही. शहराचा उतार शेजारच्या हुगळी नदीकडे नाही, तर उलट पूर्वेच्या पाणथळीकडे. सखल भागातलं पाणी पंपांनी उपसायचं, आणि नदीला भरती असली की तिकडे पाणी सोडायचे दरवाजे बंद. मग ठनठनिया, आमहर्स्ट स्ट्रीट, कॉलेज स्ट्रीट तुंबलेच म्हणून समजा. बंगाली माणूस म्हणतो, 'जल जमेछे'. गप्पांचा अड्डाही जमतो आणि पाणीही जमतं, त्यामुळे ही तक्रार आहे की कौतुक, हे चेहरा बघूनच ठरवावं लागतं. टॅक्सी बंद पडतात, बसचा पत्ता नसतो. अशा वेळी हातरिक्षावाल्याचं राज्य. तो मांडीभर पाण्यात, हातातली घंटी वाजवत. वर बसलेले बाबू पाय पोटाशी घेऊन, चपला मांडीवर, छत्री उघडी. इतकं करूनही भिजायचे ते भिजतातच.

या अवस्थेला बंगालीत शब्द आहे 'काकभेजा', म्हणजे कावळ्यासारखं भिजलेलं. विजेच्या तारेवर बसलेला, पिसं अंगाला चिकटून निम्मा झालेला, जगावर चिडलेला कावळा एकदा नीट बघा; कवीला शिरकाव करायला तिथे जागाच नाही. रवींद्रसंगीताच्या मैफलीत कुणी काकभेजा होत नाही. त्यासाठी सियालदह स्टेशनवर छत्रीविना उतरावं लागतं.

चिंब शब्दाचा खरा हक्कदार मला २० मे २०२० च्या अम्फान वादळानंतर दिसला. वाचक पुस्तकात चिंब होतो, असं आपण म्हणतो. कॉलेज स्ट्रीटच्या पुस्तकबाजारात पुस्तकंच चिंब झाली, रस्त्यावरच्या पाण्यात तरंगली. फुगून दुप्पट झालेली, पानाला पान चिकटलेली ती पुस्तकं विक्रेत्यांनी उन्हात मांडली. पुस्तक परीक्षणं लिहिणाऱ्यांनी हा शब्द निदान वर्षभर तरी वापरायला नको होता.

लाक्षणिक भिजण्यात मराठीचं खरं कर्तृत्व चिंबमध्ये नाहीच, ते 'भिजत घोंगड्या'त आहे. भिजलेलं घोंगडं जड होतं आणि वाळता वाळत नाही. सरकारी कामाला याहून चपखल शब्द कोणत्या भाषेत असेल असं वाटत नाही. कोलकात्याच्या मेट्रोची पायाभरणी १९७२ ची, पहिली गाडी धावली १९८४ मध्ये, आणि दमदम ते टॉलीगंज सलग जायला १९९५ उजाडलं. हावड्याहून सॉल्ट लेककडे जाणाऱ्या मार्गाचं काम २००९ मध्ये सुरू झालं. २०१९ मध्ये बहूबाजारच्या बोगद्यात पाणी शिरलं, वरची घरं खचली, माणसं रातोरात बाहेर पडली. घोंगडं इथे शब्दशः भिजलं. अखंड मार्ग खुला झाला २०२५ मध्ये. आता याच मार्गावरची गाडी हुगळीच्या पोटातून जाते आणि डब्यात पाण्याचा टिपूस नसतो. या शहरात पावसाळ्यात कोरडं राहायची सर्वांत खात्रीची जागा म्हणजे नदीच्या खाली!

तेव्हा श्रावणात इकडे येणार असाल तर बूट घरी ठेवा, रबरी चपला घाला आणि पुस्तकांसाठी प्लास्टिकची पिशवी दुहेरी आणा. आणि कुणी तुम्हाला 'भिजे बेडाल' म्हणालं, तर कपड्यांची विचारपूस समजून आभार मानू नका. हिंदीतलं भिजलेलं मांजर भित्रं असतं. बंगालीतलं वरून गरीब, आतून लबाड असतं.