मूळ कार्ड कुठंय?

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक क्लिप आली. रिक्षानं कट मारला, स्कूटरवरची बाई पडली. पदर सावरायची तिची धडपड, चेहरा, नंबरप्लेट, सगळं लख्ख. शिवाय ज्या गाडीतून हे टिपलं, तिच्यातल्या दोघांचं घरच्या आजारपणाचं बोलणंही ऐकू येत होतं. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. मला संताप आला.

डॅशकॅम जरूर लावा. मागून ठोकणाराच अरेरावी करतो तेव्हा काचेवरची ती डबी तुमची साक्षीदार असते. खासगी गाडीत ती लावायला आपल्याकडे कायद्याची आडकाठी नाही. पण साक्ष द्यायची जागा कोर्ट.

कोर्ट काय मागतं, ते जालन्याच्या निवडणुकीच्या वादातून पक्कं झालं. २०१४ साली उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, यावरून खोतकर-गोरंट्याल खटला उभा राहिला. पुराव्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण होतं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बजावलं: मूळ उपकरण हजर करा, नाहीतर प्रतीसोबत प्रमाणपत्र जोडा. आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते. हा फाइलच्या अंगठ्याचा ठसा. फाइल जराशी बदलली की ठसा बदलतो. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं, म्हणजे ठसा तिथंच गेला.

आणि त्या बाईचं काय? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमतानं सांगितलंय. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा वैयक्तिक किंवा घरगुती वापराला सूट देतो खरा, पण अख्ख्या सोसायटीचा ग्रुप म्हणजे घर नव्हे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं २०१८ मध्ये विनाकारण अखंड चित्रीकरण बेकायदा ठरवलं, तरी अपघाताच्या खटल्यात तेच पुरावा म्हणून चालेल असं म्हटलं. मला ही विभागणी पटते. न्यायाधीशांनी बघावं, शेजाऱ्यांनी नाही.

तेव्हा माइक बंद ठेवा. सोबत बसणाऱ्याला कॅमेरा चालू असल्याचं सांगा. अपघात दिसला तर आधी जखमीला उचला, मग कार्ड काढून बाजूला ठेवा, कारण जागा संपली की कॅमेरा जुन्यावरच नवं लिहितो.

क्लिप टाकणाऱ्याला मी फोन केला. त्या बाईला भरपाई मागायची झाली तर मूळ कार्ड आहे का, विचारलं. ते केव्हाच पुसलं गेलं होतं.