कोंडीकार

बुद्धिबळात ज्याची खेळण्याची पाळी आहे त्याच्या राजाला शह नाही, पण नियमात बसणारी एकही खेळी त्याच्यापाशी उरलेली नाही, अशा अवस्थेसाठी फारसीतून आलेला ‘जिच’ हा शब्द असून आजच्या नियमांनुसार तेथे डाव बरोबरीत सुटतो. इंग्लंडात मात्र 17व्या शतकापासून 19व्या शतकाच्या आरंभापर्यंत अशी जिच करणाराच हरला असे मानत. तो जुना नियम बेंगळुरूच्या अपार्टमेंटांत लागू असता, तर ज्याला येथे कोंडीकार म्हटले आहे तो मनुष्यविशेष केव्हाच नामशेष झाला असता.

अडून राहिलेल्या गोष्टींसाठी मराठीत शब्दांची वाण नाही, परंतु पेच सुटतो, तिढा उकलतो, कोंडी मात्र फोडावी लागते; यावरून ती आपोआप जात नाही, हे मराठी भाषकांनी पूर्वीच ओळखले असावे. बेंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकात गाड्यांची जी कोंडी होते तिच्यामागे कोणाचाही हेतू नसतो. कोंडीकाराची कोंडी मात्र सहेतुक असते आणि तिचा हेतू जिंकणे हा नसून (हे त्याच्या विरोधकांना फार उशिरा उमगते) निकाल लागू न देणे हा असतो, कारण निकाल लागताच त्याला विचारायला येणारे लोक थांबतात.

हा गृहस्थ बहुधा पुण्याहून नोकरीनिमित्त आलेला, सरजापूर रस्त्याच्या आसपास स्थिरावलेला आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा असतो. ‘स्वल्प ॲडजस्ट माडी’, म्हणजे ‘थोडे जुळवून घ्या’, या कन्नड वाक्यावर ज्या शहराचा निम्मा व्यवहार चालतो, तेथे तो एवढे एक वाक्य वगळून बाकीचे कन्नड शिकलेला असतो. कायदाही त्याला अनुकूल आहे: कर्नाटकात सदनिकांसंबंधी 1972 सालचेच दोन निरनिराळे कायदे आहेत, शिवाय अनेक संघटना 1960च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या आहेत; त्यामुळे ठराव कोणताही असो, तो चुकीच्या कायद्याखाली मांडला गेल्याचा मुद्दा त्याला नेहमीच काढता येतो. मार्च 2024मध्ये पाणीटंचाईमुळे पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यास बंदी आली व 5,000 रुपये दंड ठरला, तेव्हा या जातीच्या माणसाने टँकरचे पाणी ‘पिण्याचे’ ठरते काय, अशी पृच्छा करावी, सभेने त्यावर दोन तास घालवावेत आणि तोवर खाली गाड्या धुऊन व्हाव्यात, हे त्याच्या प्रकृतीला धरूनच आहे. त्याची स्वतःची गाडी धुळीने माखलेली असते, एवढे त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल नोंदवले पाहिजे.

त्याला खरे भय वाटते ते एकमताचे. घरोघरी पाण्याचे मीटर बसवण्यास सर्वांनी होकार दिला की तो प्रथम गणसंख्या, म्हणजे सभा वैध ठरण्यास लागणारी किमान उपस्थिती, मोजून घेतो. ती भरली तर प्रतिनिधिपत्रांवरील सह्या तपासतो. त्याही खऱ्या निघाल्या तर ठरावाला मनःपूर्वक पाठिंबा देऊन केवळ मीटरची कंपनी निवडण्यासाठी एक उपसमिती सुचवतो. थकलेली सभा तीही मान्य करते आणि, दुसरे कोणी तयार नसल्यामुळे, निमंत्रकपदी त्याचीच बिनविरोध निवड होते.